मंजुरी येईतोवर

आमच्या धाकट्या मावशीच्या यजमानांइतका अस्वस्थ माणूस अख्ख्या कोल्हापुरात दुसरा नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. काकांचं दुकान पेशंटच्या सामानाचं. कुबड्या, वॉकर, कमरेचे पट्टे, चाकाच्या खुर्च्या. दिवसभर गिऱ्हाइकाला 'बसा की' म्हणणारा हा माणूस स्वतः कधी बसला नाही. चहा उभ्यानं, डबा उभ्यानं, पेपर येरझाऱ्या घालत. मावशी वैतागून म्हणायची, "लग्नात पाटावर बसले तेवढेच. तेही भटजींनी दोनदा दटावलं म्हणून."

नव्वद सालानंतर कधीतरी त्यांनी कामगार विम्याच्या पेशंटना सामान पुरवायचं काम घेतलं आणि होती नव्हती तेवढी स्वस्थताही घालवली. विमा कचेरीचा नियम असा, की मंजुरीचं पत्र यायच्या आत पेशंटला नवी खुर्ची दिली तर दुकानदाराचं बिल बाद. मंजुरीच्या अर्जाला मात्र पेशंट तसल्याच खुर्चीत बसल्याचा फोटो जोडायचा. हा नियम ज्यानं काढला त्याचे पाय एकदा धरावेत असं मला फार वाटायचं. काकांनी तोड काढली. दुकानात त्यांची स्वतःची एक हिरव्या रेक्झिनची खुर्ची होती, एका हाताला चिकटपट्टी गुंडाळलेली. ती ते फोटोपुरती पेशंटच्या घरी न्यायचे आणि फोटो निघाला की तिथंच विसरून यायचे. दर वेळी विसरायचे. मंजुरी येऊन नवी पोचली की हिरवी पुढच्या घरी.

एकदा मी काकांबरोबर विमा कचेरीत गेलो होतो, तेव्हा तिथल्या साहेबांनी आम्हा दोघांसमोर सात फायली पसरल्या. सात पेशंट, खुर्ची एकच, चिकटपट्टीसकट.

"हे काय हाय?" साहेबांनी विचारलं.

काका टेबलाभोवती फिरत म्हणाले, "नवी द्यायची न्हाय म्हणता, फोटो तर पायजे म्हणता. मग मानसाला पाटावर बसवून काढू काय?"

"आधी तुम्ही बसा हो. मला गरगराय लागलंय."

काका बसले नाहीत. फायली मात्र पुढं सरकल्या.

पुढं काही वर्षांनी काका दुकानाच्या पायरीवरून पडले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण चालणं संपलं. दुकानातली नवी खुर्ची आणतो म्हटलं तर म्हणाले, "माझी हाय की एक." ती होती गारगोटीला, कारखान्यात पाय गेलेल्या एका कामगाराकडं. त्याची फाईल तिसऱ्यांदा परत आली होती. मावशी रडकुंडीला आली, तशी मी खुर्ची परत आणायला तिरमिरीत एस.टी. धरली. जाऊन बघतो तर तो गडी हिरव्या खुर्चीत दारात बसून लेकीची वेणी घालत होता. मी पाणी प्यालो आणि परत आलो.

"आणलीस?" काकांनी पडल्यापडल्या विचारलं.

"नाही."

"शाणा हायस. त्येची मंजुरी येऊ दे."

मंजुरी आली तेव्हा चार महिने उलटून गेले होते. त्या गड्यानं खुर्ची पुसून टेम्पोतून पाठवली. आम्ही काकांना तीत बसवलं. इतक्या वर्षांत त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि मला ते बघवेना. थोड्या वेळानं त्यांचे हात चाकांवर गेले. खुर्ची वीतभर पुढं, वीतभर मागं, पुन्हा पुढं. मावशी दारात उभी राहून बघत होती. तिनं वाटेतला पाट उचलून भिंतीला लावला.