गोंदिया: एक

कंपनीत कुणाला 'सर' म्हणायचं नाही, असा नियम होता. सगळे सारखे, सगळ्यांना नावानं हाक मारायची. दामिनीला हे काही जमलं नाही. तिच्या गावी, कामठ्यात, दहा वर्षांनी मोठ्या माणसाला कुणी नुसत्या नावानं बोलावत नाही, म्हणून तीन वर्षांत तिनं आपल्या मॅनेजरला कशानंच हाक मारली नव्हती. "हॅलो" म्हणायचं आणि थेट कामावर यायचं.

कंपनी मोठी, पुण्यातली, सॉफ्टवेअरची. गेल्या वर्षी बाबूजींना, म्हणजे वडील श्यामलालना, लकवा मारला आणि दामिनीनं घरून काम करायची परवानगी मागितली. मिळाली, पण दर सहा महिन्यांनी मॅनेजरनं नव्यानं सही करायची. बाबूजींना उठवणं, बसवणं, हाताचा व्यायाम करवणं सगळं तिच्याकडे होतं, कारण आई शकुंतलाबाई दिवसभर शेतात. ती सही झाली नाही, तर तिला पुण्याला जावं लागणार होतं आणि बाबूजींकडे पाहायला कुणी उरणार नव्हतं. पुढची सही ऑगस्टात व्हायची होती.

त्याच्या जरा आधी कंपनीनं सर्वेक्षण काढलं. मोकळेपणानं लिहा, तुमचं नाव कुणाला दिसणार नाही. शहाणी माणसं अशा फॉर्मवर 'सगळं छान' असं लिहून जेवायला जातात. दामिनीनं लिहिलं, "आमच्या टीममध्ये दरवर्षी एकाला कामाबद्दल तळाचा शेरा द्यावाच लागतो. यंदा तो दिव्याला दिला. ती बाळंतपणाच्या रजेवर होती, म्हणजे भांडायला समोर नव्हती." आणि ठिकाणाच्या रकान्यात तिनं खरं ते भरलं, गोंदिया.

सोमवारच्या मीटिंगमध्ये मॅनेजरनं पडद्यावर तक्ता लावला. कुठून किती जणांनी उत्तरं दिली त्याचा. पुणे दोनशे चौदा, हैदराबाद एकशे नव्वद, नागपूर एकतीस, गोंदिया एक. नाव कुठंच नव्हतं, कंपनीनं शब्द पाळला होता. मॅनेजरला त्या एकाचं कुतूहल वाटलं. त्यानं त्यावर क्लिक केलं आणि दामिनीचं सगळं लिखाण चाळीस जणांसमोर उघडं पडलं.

"इंटरेस्टिंग," तो म्हणाला आणि पुढचा तक्ता लावला.

मीटिंग संपल्यावर सात जणांनी तिला खाजगीत 'बरं केलंस' असं कळवलं. चारचौघांत एकानंही तोंड उघडलं नव्हतं. दिव्यानं दोनच शब्द पाठवले, "कशाला गं?" ते रागाचे होते की मायेचे, हे दामिनीला कळेना. तिनं तो मेसेज दिवसभरात वीसदा तरी वाचला असेल.

संध्याकाळी गुलशनचा फोन आला. तो तिरोड्याचा, तिच्याच टीममधला सीनियर, तोही घरूनच काम करायचा. पण त्याच्या नावापुढे अजून पुणेच होतं.

"गोंदिया कायले टाकलीस? पुणे टाकली असतीस त कोणाले समजलं नसतं."

"मी इथंच राहून राहिली ना."

"राह्य ना. पण सांगाले कोण सांगतलं होतं?"

बुधवारी मॅनेजरनं फोन केला. आवाज अगदी साखरेचा. "तुझा परवानगीचा अर्ज माझ्यासमोर आहे. आणि हो, शुक्रवारी पाचपर्यंत सर्वेक्षणातली उत्तरं बदलता येतात, तुला माहीत असेलच. भावनेच्या भरात आपण लिहून जातो कधी कधी." दोन वाक्यं त्यानं शेजारी शेजारी ठेवली आणि त्यांचा संबंध लावायचं काम तिच्यावर सोडलं. असं बोलणं शिकवायला तिकडे प्रशिक्षण असतं म्हणतात.

पुढचे दोन दिवस दामिनीचा पाय एका जागी ठरला नाही. फॉर्म उघडायचा, खोडायला जायचं, पुन्हा बंद करायचा. चूल पेटवून ती भात टाकायचाच विसरली. बाबूजींचा हात दहादा वर-खाली करायचा, तर ती करतच सुटली. शेवटी ते अडखळत म्हणाले, "बाई, हात होय माझा, हापशी नोहोय." तिला हसू आलं आणि लगेच रडूही आलं.

शुक्रवारी चार वाजता ती चहाची किटली घेऊन शेतात गेली. शेवटच्या बांधीत, म्हणजे खाचरात, भाताचा रोवणा चालू होता. दहा बाया एका रांगेत वाकून, मागे मागे धुऱ्याकडे, म्हणजे बांधाकडे, सरकत रोपं लावत होत्या. त्यातल्या प्रेमिलाबाईचा हात मंद पडत होता, तरी रांग सरळच होती.

"माय, प्रेमिलाबाई मांगं नाई राहून राहिली?"

"आठ दिवस ताप होता तिले," शकुंतलाबाई मान वर न करता म्हणाली. "आमी दोघी दोन्हीकडून तिच्या चार-चार रोपा लावून राहिलो. धुऱ्यावर सगळ्याच संग निंगू."

"आन सगळ्यात मांगं कोण होती, हे कोण पाह्यते?"

"कायले पाह्याचं?"

शकुंतलाबाईला प्रश्नच समजला नव्हता. ती चहाला हात धुवायला गेली आणि दामिनीनं किटली धुऱ्यावर ठेवली. मग ती जवळजवळ पळतच घरी आली.

पावणेपाच वाजले होते. तिनं फॉर्म उघडला. एक शब्दही खोडला नाही. खाली फक्त एक ओळ वाढवली, "हे मी लिहिलं आहे. दामिनी, कामठा, जिल्हा गोंदिया." मग बटण दाबलं. ती घाबरली होती, फार घाबरली होती.

पाच वाजून पाच मिनिटांनी शेवटचा तक्ता सगळ्यांना आला. पुणे दोनशे तेरा. हैदराबाद, नागपूर तेवढेच. गोंदिया दोन.

तिनं दुसऱ्या उत्तरावर क्लिक केलं. "दिव्याबद्दल लिहिलंय ते खरं आहे. शेरे ठरले त्या बैठकीत मी होतो आणि गप्प बसलो. गुलशन, तिरोडा, जिल्हा गोंदिया."

परवानगीच्या अर्जावर अजून 'प्रलंबित'च होतं. ती ते पाहत असतानाच मॅनेजरचा फोन वाजू लागला. आतून बाबूजींनी कोणाचा फोन म्हणून विचारलं. दामिनीनं पदरासारखी ओढणी कमरेला घट्ट खोचली, फोन उचलला आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच त्याला नावानं हाक मारली.