स्वतःसाठी मागायचं नाही

दर गुरुवारी आठ-दहा माणसं आपापली रडगाणी घेऊन एका खोलीत जमली, की किस्से आपोआप साठतात. रडणं विरून जातं, किस्सा राहतो! आमचं प्रार्थनामंडळ डहाणूचं, पण रीत खास आमची. स्वतःसाठी स्वतः मागायचं नाही. आपण अडचण सांगायची. शेजारी बसेल त्याने ती देवापुढे ठेवायची.

*

आमच्या चर्चचे पाळकसाहेब तलासरीच्या रस्त्यावर बाइकवरून पडले. पायाला प्लास्टर. तशातही त्यांनी अर्धा तास सांगितलं, की आपण दुबळे असतो तेव्हाच देवाचा आधार कळतो. सभा संपल्यावर आम्ही दोघं त्यांना उचलून रिक्षात बसवायला गेलो, तर म्हणाले, "छे छे, मी जाईन!"

गंजाडच्या लाडकीमावशी दारातच होत्या. भातशेती करतात, बोलायला कुणाला भीत नाहीत. म्हणाल्या, "साहेब, दुबळेपणा फक्त आमच्यासाठी काय?"

साहेबांनी आमच्या खांद्यांवर हात टाकले.

*

पुढच्या गुरुवारी साहेबांच्या शेजारी नेमक्या मावशीच! त्यांनी डोळे मिटले.

"प्रभू, साहेबांचा पाय बरा कर. पण घाई नको. सध्या ते आमचं ऐकतात!"

*

आमचे निवृत्त हेडमास्तर शेजाऱ्याची अडचण आदल्या दिवशीच फोनवर विचारून घेतात आणि प्रार्थना फुलस्केपवर लिहून आणतात. मुद्देसूद! एकदा मावशींच्या तापाने फणफणलेल्या नातीसाठी उभे राहिले. कागद उघडला, खिसे चाचपले. कागद लांब धरून पाहिला.

"प्रभू," शेवटी ते म्हणाले, "चष्मा घरी राहिला. तूच वाच."

मावशी अजून म्हणतात, "मास्तरांची तेवढी एकच प्रार्थना मला कळली."

*

माझी बायको गेली त्यानंतर, पाळी आली की मी म्हणायचो, "माझं ठीक आहे." ठीक असलेल्या माणसासाठी शेजारी काय मागणार? नऊ गुरुवार असेच गेले. दहाव्या गुरुवारी ठरवूनच गेलो, की आज सांगून टाकायचं, यापुढे येणार नाही.

"मला प्रार्थना करता येत नाही," मी म्हणालो. "त्याच्याशी बोलावंसंच वाटत नाही." यापुढे येणार नाही, हे सांगायचं राहूनच गेलं.

शेजारी लाडकीमावशी होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"प्रभू, ह्याने तुझ्याशी बोलणं टाकलंय. टाकू दे. ह्याची बायको तुझ्याकडेच आहे, तिला विचार. ह्याचं कुठं दुखतं, तिला सगळं ठाऊक आहे."

सगळे "आमेन" म्हणाले. माझं "आमेन" जरा मागून आलं.