फोन ठेवल्यानंतरचं

आर्डिस लाहटीचा आवाज त्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, अर्ध्या लोकांच्या ओळखीचा होता, चेहरा मात्र फारसा कुणाला ठाऊक नव्हता. शेरीफच्या कचेरीत मागच्या अंगाला एक बिनखिडकीची खोली होती. तिथे कानाला हेडफोन लावून ती वर्षानुवर्षं ९११ या तातडीच्या मदतीच्या नंबरवरचे फोन घेत बसायची. कुणाच्या घराला आग लागलेली, कुणाच्या छातीत कळ आलेली, कुणाचा ट्रक बर्फावरून घसरून खड्ड्यात गेलेला. किराणा दुकानात तिने लोणी मागितलं की मागे उभी असलेली एखादी बाई चमकून वळायची.

"तुम्हीच का त्या?"

"मी लोणी घ्यायला आलेय," आर्डिस म्हणायची आणि हसून पुढे सरकायची. त्या बाईने कधीतरी तिला कशासाठी फोन केला होता, हे दोघींनाही दुकानात उभं राहून बोलायचं नसायचं.

कंबर धरायला लागली तेव्हा तिने नोकरी सोडली. मग वेळ जावा म्हणून चर्चचं फेसबुक पान सांभाळायला घेतलं. 'शुक्रवारी मासे तळणार आहोत, अवश्य यावे' असं तिच्या आधीच्या बाई लिहायच्या आणि कुणी ढुंकून बघायचं नाही. आर्डिसने पहिल्याच आठवड्यात लिहिलं, 'मागच्या शुक्रवारी कोबीचं सॅलड कुणी केलं होतं? माझ्या नवऱ्याने, रेने, तिसऱ्यांदा वाढून घेतलं आणि घरी येऊन माझ्या सॅलडला नावं ठेवली.' त्यावर गावात कोबी आणि साखर या विषयावर जी जुंपली ती पुढच्या शुक्रवारपर्यंत चालली. त्या शुक्रवारी मासे कमी पडले.

ही गोष्ट ड्वेन स्टेनरूडच्या कानावर गेली. ड्वेन त्या वर्षी फोन घेणाऱ्यांच्या राज्य संघटनेचा अध्यक्ष होता. आर्डिसच्या हाताखाली शिकलेला, आता स्वतः केस पिकलेला.

"आर्डिस, एक काम आहे. नाही म्हणू नकोस."

"आधी काम सांग, मग बघते काय म्हणायचं ते."

"एप्रिलात डुलुथला अधिवेशन आहे. त्याचं फेसबुक तू बघ. लोकांनी बोलायला हवं गं, एकमेकांत मिसळायला हवं."

"मागच्या वर्षी कुठल्या कंपनीला दिलं होतंत ना?"

"दिलं होतं. भिंतीएवढा पडदा लावला, हॅशटॅग काढला, बक्षिसं ठेवली. आणि पडद्यावर सगळे फोटो त्यांचे त्यांनीच काढलेले. आपली माणसं हूं नाही की चूं नाही."

"करतील कशी? आपण लिहिलेलं उद्या कोर्टात वाचून दाखवतील, हेच आपण त्यांना पहिल्या दिवसापासून शिकवतो."

ड्वेनने नुसता हुंकार भरला. म्हणजे पटलेलं होतं. आर्डिसने हो म्हटलं, कारण रे त्या दिवसांत मासेमारीचं सामान दिवाणखान्यात पसरून बसायचा आणि तिला चार दिवस घराबाहेर पडायचंच होतं.

हॉटेल बंदराला लागूनच होतं. सरोवरावरचं बर्फ फुटून त्याचे तुकडे किनाऱ्याला येऊन अडकले होते, आणि सगळ्या खिडक्यांतून तेच दिसत होतं. राज्यभरातून फोन घेणारी माणसं आली होती. ओळख झाल्यावर काही जण आवाजावरून एकमेकांना ओळखत होते. "अरे, तो तू होय? मला वाटायचं तू जाडा असशील!" असं होऊन हशा पिकायचा. पण दहा मिनिटांनी पुन्हा प्रत्येक जण आपापल्या काउंटीच्या टेबलाशी, पाठ भिंतीला टेकवून.

पहिल्या दिवशी आर्डिसने सगळं रीतसर केलं. व्याख्यात्यांचे फोटो टाकले. 'या सत्रातून तुम्हाला काय मिळालं?' असं विचारलं. ड्वेनने एक लाइक दिलं. दुसरी दाद घरून रेची आली. त्याने लिहिलं होतं, 'सूप कसं होतं?' यंदाही भिंतीवर लावलेल्या पडद्यावर ते एवढ्या मोठ्या अक्षरांत झळकलं आणि सगळं सभागृह हसलं. आर्डिसही हसली, पण कानाच्या पाळ्या तापल्या. एवढ्या माणसांना बोलतं करायला आपण आलो आणि बोलला कोण, तर घरी बसलेला नवरा.

दुसऱ्या दिवशी जेवताना ती मुद्दाम अनोळखी टेबलावर बसली. शेजारी टेसा ब्यूलियो नावाची तिशीची मुलगी होती, उत्तरेकडच्या एका काउंटीतली. समोरच्याने सहज विचारलं, रात्रपाळी कशी जाते. टेसा चमच्याने सूप ढवळत म्हणाली, "पाळीचं काही नाही हो. रुग्णवाहिका दारात आली की 'आले, आले' म्हणून लोक फोन ठेवतात. ठेवणारच. पण मग पुढे काय झालं ते आपल्याला कोण सांगणार? मी घरी जाऊन भांडी घासते आणि डोक्यात आपलं तेच."

 आर्डिसने पाहिलं, टेबलावरच्या सगळ्यांचे हात थांबले होते. एकाने ब्रेडचा तुकडा परत बशीत ठेवला.

ती जेवण अर्धं टाकून ड्वेनला शोधत गेली.

"हे विचारायचं मला. फेसबुकवर."

"वेड लागलंय का तुला? आपल्या गुप्ततेच्या शपथेचं काय?"

"भिंतीवर नाही रे लावत. बंद ग्रुप करते, फक्त इथे नाव नोंदवलेल्यांचा. नाव नको, गाव नको, साल नको. प्रत्येक ओळ मी वाचीन आणि मगच सोडीन. अधिवेशन संपलं की सगळं पुसून टाकीन."

"आणि कुणी लिहिलंच नाही तर?"

"तर मग सूप आहेच."

ड्वेनने नाक खाजवलं आणि मान डोलावली.

कुणीतरी सुरुवात करायला हवी, म्हणून आर्डिसने आधी स्वतःचं लिहिलं. एका म्हाताऱ्या माणसाचा फोन होता. बायको सकाळी उठलीच नाही, आता कुणाला कळवायचं असतं, एवढंच तो विचारत होता. आवाज अगदी शांत होता. ती म्हणाली, माणसं पाठवतेय. तो म्हणाला, 'तोवर मी कॉफी ठेवू का?' ती म्हणाली, 'ठेवा. दोन कप जास्त करा, येणारे गारठलेले असतील.' एवढं लिहून तिने खाली विचारलं, 'त्याची कॉफी कुणी प्यायलं की नाही, मला कधीच कळलं नाही. तुमचा असा कुठला फोन?'

बराच वेळ काही आलं नाही. सभागृहात नव्या रेडिओ यंत्रणेवर व्याख्यान सुरू झालं. मग कुणीतरी दोन ओळी लिहिल्या. तळ्याच्या बर्फात पाय अडकलेल्या माणसाबद्दल. मग एकीने. मग आर्डिसला वाचायला सवड मिळेना. मागच्या खुर्चीवरून तिला दिसत होतं, टेबलांखाली फोनचे उजेड लागत होते. कुणी चष्मा काढून डोळे पुसत होतं. व्याख्याता बिचारा मध्येच थांबला.

"मी काही चुकीचं बोललो का?"

"नाही नाही, चालू द्या," ड्वेन म्हणाला आणि स्वतःचा फोन पालथा केला. त्या माणसाबद्दल आर्डिसला मनापासून वाईट वाटलं. पुढे चहाच्या वेळी तिने त्याला गाठून माफी मागितली, आणि त्याच्या यंत्रणेबद्दल दोन प्रश्नही विचारले.

टेसानेही लिहिलं होतं. वसंतातली गोष्ट. मेपलच्या झाडांचा रस काढून आटवायला एक कुटुंब रानात गेलेलं. आजोबा कोसळले आणि जवळ फक्त नात, आठ-नऊ वर्षांची. टेसाने फोनवरून तिला छातीवर दोन्ही तळहात ठेवून दाबायला शिकवलं. पोरगी दाबत होती आणि सारखी म्हणत होती, 'पातेलं करपतंय, पातेलं करपतंय.' टेसा म्हणाली, 'करपू दे, तू थांबू नकोस.' आणि मुलीच्या फोनची बॅटरी संपली. हद्द दुसऱ्या काउंटीची, रुग्णवाहिकाही त्यांचीच गेली. बस, एवढंच.

थोड्या वेळाने आर्डिसला एकटीलाच एक निरोप आला. व्हर्जिल न्यूगार्ड नावाच्या माणसाचा. तो टेसाच्या शेजारच्या काउंटीतला, निवृत्तीला आलेला, जाड मिश्यांचा. 'ती रुग्णवाहिका मीच पाठवली होती. पातेलं खाली उतरवताना आमच्या माणसाचा हातमोजा जळला. मला पुढचं माहीत आहे. पण ते इथे लिहावं असं वाटत नाही.'

आर्डिसने ते ड्वेनला दाखवलं. मघाशी नको नको म्हणणारा ड्वेन उभाच राहिला.

"आर्डिस! हे टाक. नावं न घालता पडद्यावर टाक. अगं, लोक उठून उभे राहतील!"

"नाही."

"याच्यासाठीच तर सगळा खटाटोप केलास ना?"

"टेसाने वर्षानुवर्षं हे उराशी धरून ठेवलंय, ड्वेन. सगळ्यांच्या देखत भिंतीवर वाचायला लावू तिला? आजोबा जगले की गेले, ते?"

ड्वेन बसला. "बरोबर आहे तुझं," म्हणाला आणि उगाच टाय सारखा करू लागला.

तिने व्हर्जिलला सरोवराच्या बाजूच्या खिडकीपाशी बसवलं. टेसाला जाऊन म्हणाली, "तुझ्या त्या पातेल्याबद्दल सांगणारं माणूस सापडलंय. ऐकायचं नसेल तर तसं सांग, मी त्यांना कळवते." टेसाचा चेहरा उतरला. मग तिने आर्डिसचा दंड धरला.

"तुम्ही बसाल का पण?"

तिघं बसली. व्हर्जिलला सुरुवात कशी करावी कळेना.

"गेले ते," शेवटी तो म्हणाला. "पण तेव्हा नाही. रुग्णालयात शुद्धीवर आले. सगळं गणगोत येऊन भेटलं. काही आठवडे होते. माझ्या बायकोची बहीण तिथे नर्स आहे, म्हणून मला ठाऊक."

टेसा खिडकीबाहेर बघत राहिली.

"आणि पोरगी?"

"आमची माणसं पोचली तेव्हाही दाबतच होती. बाजूला हो म्हटलं तरी होईना. म्हणे, 'फोनवरच्या बाईने थांबू नकोस म्हणून सांगितलंय.' शेवटी उचलून बाजूला ठेवावी लागली."

टेसाला एकदम हसू फुटलं, आणि हसता हसता ती रडायला लागली. व्हर्जिलने खिशातून रुमाल काढला, तो स्वच्छ आहे का ते उलटून पाहिलं आणि पुढे केला.

"मला वाटायचं फोन बंद पडल्यावर तिने सोडून दिलं असेल," टेसा म्हणाली. "एकटी, घाबरलेली. मला तर वाटायचं, मीच तिला रानात एकटी टाकली."

"छे," व्हर्जिल म्हणाला. "तू होतीस की तिथे."

आर्डिस उठून कॉफी आणायला गेली आणि मुद्दाम सावकाश परत आली.

म्हाताऱ्याच्या कॉफीबद्दल मात्र कुणालाच काही माहीत नव्हतं. बाकीच्या बहुतेकांचंही तसंच राहिलं. पण संध्याकाळपासून टेबलांभोवतीचे गट मोडले. कुठल्या काउंटीचं कोण, हे बघायचं सोडून माणसं 'तळ्यातला फोन तुमचा का?' असं विचारत एकमेकांना शोधू लागली. ज्यांनी एक अक्षर लिहिलं नव्हतं तेही. दोघांनी आपलं लिहिलेलं काढून टाकायला सांगितलं, आर्डिसने लगेच काढलं. घरी गेल्यावर शब्द दिल्याप्रमाणे तिने पूर्ण ग्रुपच पुसला.

कार्यकारिणीला अहवालात आकडे हवे होते. किती पोस्ट, किती लाइक. ड्वेनने फोन करून विचारलं.

"पुसलं ते. माणसं बोलली, असं लिही."

"तेवढंच?"

"तेवढंच तर तू मागितलं होतंस."

त्याने तेवढंच लिहिलं. कार्यकारिणीतल्या एकाने त्यावर कुरकुर केली, पण तीही कागदोपत्रीच राहिली. पुढच्या अधिवेशनात जेवणानंतर एक तास रिकामा ठेवायचं ठरलं. व्याख्यान नाही, पडदा नाही, खुर्च्या गोलात. फेसबुकवर फक्त खोली कुठली ते सांगायचं आणि आर्डिसने एक प्रश्न विचारायचा. तिने एकच अट घातली, बक्षिसं नकोत.

त्याआधी, डुलुथहून निघायच्या दिवशी, हॉटेलच्या दारात माणसं कोट चढवून, बॅगा हातात घेऊन उभी होती आणि कुणी हलेना. विमानतळाच्या गाडीचा चालक दोनदा आत डोकावून गेला. शेवटी स्वागतकक्षातल्या मुलीने येऊन नम्रपणे सांगितलं, जरा बाजूला व्हाल का, बाकीच्या पाहुण्यांना दार सापडत नाहीये. सगळे पाऊलभर बाजूला सरले आणि तिथेच बोलत राहिले.