चक्की बंद केल्यावरचा उजेड

साक्षगंधाच्या मांडवात उजेड वाढावा म्हणून मी धानाची चक्की बंद करायला लावली. ही माझी चूक.

एटापल्लीच्या पुढच्या एका टोल्यावर, म्हणजे छोट्याशा वस्तीवर, नाल्याच्या धारेवर फिरणारं जनित्र मीच बसवलं होतं. दिवसा त्यावर चक्की चाले, संध्याकाळी घराघरांत दिवे लागत. त्या संध्याकाळी मात्र पाहुण्यांच्या जेवणाचे तांदूळ अजून निघायचे होते, म्हणून दोन्ही एकदमच सुरू होतं. दिवे पार मंद पडले. नवरीची आई माझ्याकडे आली.

"भाऊ, पोरीचं तोंड तरी दिसन का पाहुण्यायले?"

"बाई, मी आहो ना!"

चक्की थांबली की तिची सगळी वीज दिव्यांना मिळेल, असा माझा हिशोब. मिळालीही. चक्कीचं ओझं उतरताच नाल्यातलं चाक मोकाट सुटलं, विजेचा दाब वाढला आणि पिवळे दिवे पांढरेशुभ्र झाले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, मी कॉलर सारखी केली. तेवढ्यात फट, फट करत एकेक दिवा उडत गेला. शेवटचा नवरीच्या अगदी डोक्यावरचा.

मिट्ट अंधारात मी ठणकावून सांगितलं, "घाबरू नका, जनित्राले काही झालं नाई!"

"त्याले काय नवरदेवाशेजारी बसवू?" नवरीची आई कडाडली. "मोबाईलचा टॉर्च धरून पोरीपाशी उभे राहा. अन् आता कोणत्याच बटनाले हात लावू नका!"