खळीचं पोतेरं

संगमनेरला कॉलेजात असताना आम्ही तिघं एका खोलीत राहायचो. दुष्काळाचं साल होतं. शहाबादी फरशी पुसायला रोज एक मावशी यायच्या. त्या दिवसांत हाती पडेल ते पत्रक मी वाचून काढायचो, आणि आपली घाण दुसऱ्याकडून काढून घेणं हा गुन्हा आहे असं मला वाटायचं. अजूनही वाटतं. एका सकाळी मावशींना दारातच थांबवून मी श्रमावर बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी उद्यापासून येऊ नको, आसंच ना दादा?"

"तसं नाही मावशी. आमचं काम आम्हीच केलं पाहिजे."

"मंग त्येच की," म्हणाल्या आणि गेल्या. आमचं पाहून शेजारच्या दोन खोल्यांनीही त्यांचं काम बंद केलं. मला अभिमान वाटला.

पोतेरं म्हणजे गोणपाटाचा तुकडा. पत्रकं चिकटवायला आम्ही खोलीतच गव्हाच्या पिठाची खळ शिजवायचो. सांडली की पोतेऱ्यानं पुसायची आणि पोतेरं तसंच बादलीत टाकायचं. आठवड्यात ते बुळबुळीत झालं, फरशी पायाला चिकटू लागली. वाचनाच्या बैठकीला आलेली मुलं एकेक करत दाराबाहेर सरकली. "क्रांती आंबली वाटतं रे!" एकजण म्हणाला.

शेवटी बादली घेऊन मी मावशींच्या घरी गेलो. त्या नुकत्याच खडी फोडून आल्या होत्या. आमची कामं सुटल्यावर त्यांनी रस्त्याचं दुष्काळी काम धरलं होतं. दोन्ही तळहातांना चिंध्या बांधलेल्या. मी बादली पुढे केली.

"ह्ये काय, पीठ?"

"खळ आहे. पत्रकांसाठी."

"गव्हाची?"

मी मान हलवली. त्यांनी मला डबाभर पाणी तापवायला लावलं, त्यात धुण्याचा सोडा टाकायला लावला. पोतेरं भिजलं तसं म्हणाल्या, "आपटू नका, चोळा. आता पिळा. आजून! जोर काय निस्ता भाषनातच हाय का?" त्यांच्या हातांना पीळ देणं जमत नव्हतं. "आन् उन्हात वाळवायचं. बादलीत ठिवलं की कुजलंच."

कुंपणावर पोतेरं पसरून झाल्यावर त्यांनी विचारलं, "आता सांगा दादा, मी येऊ का नको?"

माझं उत्तर शब्दन् शब्द पाठ होतं. त्या चिंध्यांपुढे ते उच्चारायची लाज वाटली.

"या. पण पोतेरं मी धुईन."

"धुवा की. माजं एक काम कमी."

शेजारच्या खोल्यांतही मीच जाऊन सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून फरशी पुसून झाली की मावशी पोतेरं माझ्यापुढे टाकायच्या आणि मी पिळेपर्यंत उभ्या राहायच्या. खळ आम्ही चिंचोक्याची करू लागलो. पिठाबद्दल मात्र त्यांनी मला कधीच काही ऐकवलं नाही.