सासरवाडीचे पाच टँकर

चहा घेताय ना? घ्या, पण हसताना माझ्या अंगावर सांडू नका. आयुष्यात मी एकदाच कॉम्प्युटरचा कोड लिहिला आणि त्याने अख्ख्या सासरवाडीला आंघोळ घातली.

तेव्हा जव्हारला जीपच्या थांब्यासमोर माझं टायपिंगचं दुकान होतं. आता तिथे मोबाइलचं दुकान आहे, तरी जाताना पाय रेंगाळतात. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, दुपारी हमखास जाणारी वीज आणि दारात करवंदं विकत बसलेली सखूबाई. फार सुखाचे दिवस होते हो.

उन्हाळ्यात मोखाड्याच्या पाड्यांना टँकरने पाणी जायचं. कुठला टँकर कुठल्या पाड्यावर न्यायचा, त्या हुकमाची पत्रं मी कचेरीतल्या साहेबांसाठी टाइप करायचो. पाच ड्रायव्हर, पाच पत्रं. मजकूर तोच, फक्त पाड्याचं नाव वेगळं. दर आठवड्याला तेच करून कंटाळलो होतो. तेवढ्यात वर्डची नवी आवृत्ती हाती आली. तिच्यात नावाच्या जागी रिकामा खण ठेवायचा, खणाला टॅग लावायचा, म्हणजे खुणेची चिठ्ठीच. मग कोडमध्ये लिहायचं, या टॅगचा खण शोध आणि हे नाव भर.

मी काय केलं? पहिल्या पत्रातल्या खणाला 'पाडा' असा टॅग दिला आणि तेच पत्र त्या फाइलमध्ये आणखी चारदा चिकटवलं. नावांच्या यादीत सावरीचा पाडा, म्हणजे माझी सासरवाडी, मुद्दाम शेवटी टाकली. जावयाने सासरचं नाव वर घातलं, असं कुणी म्हणायला नको. बटण दाबलं, वीज जायच्या आत भराभर छापलं आणि न वाचताच पत्रं पाठवून दिली.

आता गंमत बघा. खण पाच, पण टॅग सगळ्यांना एकच. त्यामुळे कोड प्रत्येक नाव पाचही खणांत भरत गेला आणि आधीचं पुसत गेला. शेवटी उरलं कोण? जे यादीत शेवटी होतं ते.

दुसऱ्या दिवशी सासरे दुकानात हजर. हे तेच सासरे, ज्यांना मास्तर जावई हवा होता. काखेत गावठी कोंबडा.

"जावईबापू, पाच टँकर धाडले तुमी. इहीर काठाला लागली. आमी गोधड्या धुतल्या, बैल धुतले. तुमची सासू तर दोनदा न्हाली."

मला तिथेच कळायला हवं होतं. पण सासऱ्यांनी पहिल्यांदाच मला बापू म्हटलं होतं. आज ते नाहीत, पण कोंबडा पुढे करतानाचा त्यांचा तो चेहरा मी विसरलेलो नाही. मी कोंबडा ठेवून घेतला.

तो शिजायच्या आत करवंदीच्या पाड्याच्या बायका आल्या आणि रिकामे हंडे मांडून दुकानात बसल्या. पुढे आमची सखूबाईच.

"आमचा टँकर कुठं गेला रं? पोरं झऱ्यावर बसून वाटीनं पानी भरतात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला स्क्रीन दाखवली, टॅग समजावला.

"म्हंजी शेवटचं नाव समद्यांवर बसलं?"

"हो."

"आन ते तुज्या सासऱ्याच्या पाड्याचं."

"योगायोग हो, सखूबाई."

"हां. आमी पन लगीन करून नांदलोय. आमाला कळतंय."

साहेबांनी निकाल दिला, सावरीच्या पाड्याचे पुढचे चार टँकर त्या चार पाड्यांना. न्याय बरोबरच होता. पण भेगाळलेल्या कातळातली विहीर ती, पाणी टिकणार किती? गोधड्यांत गेलं ते गेलं, उरलेलं मुरलं.

आणि त्यातच मेव्हण्याचं लग्न आलं. हळदीला सासरी गेलो. एरवी सासूबाई दारातच जावयाच्या पायांवर पाणी घालायच्या. त्या दिवशी त्यांनी माझ्या हातात दोन हंडे दिले.

"झरा ठावा हाय ना, जावईबापू?"

सासरे ओट्यावर बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

सावरीचा आणि करवंदीचा, दोन्ही पाड्यांना मिळून तो एकच झरा. तिथे बायकांची ही लांब रांग. हळदीच्या घरचं पाणी, त्यात मी जावई, कोण अडवणार? सरळ पुढे गेलो. पुढे सखूबाई उभी. तिने माझ्याकडे बघितलं, मग हंड्यांकडे.

"मागं जा, बापू. हितं शेवटचं नाव शेवटीच ऱ्हातं."