शेवंतीवरच्या काळ्या अळ्या

फुलशेतीवाल्या मंडळींनो, डोकं सुन्न झालंय, म्हणून बसल्या जागी लिहिते आहे.

नाशिकजवळ मखमलाबादला आमची शेवंती आहे. सकाळी शेंड्यांवर माव्याचे बारीक किडे पडलेले दिसले आणि त्यात फिरणाऱ्या काळ्या, काटेरी अळ्या. इतक्या किळसवाण्या, की खरं नुकसान ह्याच करतायत असं मी ठरवूनच टाकलं. दिसेल ती चिरडत गेले.

सासरे म्हणाले, "घरात औषध उरलंय, ते मारून घेतो. त्यानं नाय मेल्या तर काय मारायचं, ते दुकानात विचारून ये."

दुकानदाराला कीड दाखवावी लागते. म्हणून माव्याने भरलेला एक शेंडा आणि चार अळ्या बाटलीत घातल्या. आधी बाजारात फुलं दिली, मग दुकानात गेले.

पायरीवर बाटली काढून बघते तर शेंडा जवळजवळ साफ. एका अळीच्या तोंडात मावा होता, त्याचे पाय अजून हलत होते.

फोटो काढून मोबाईलवर शोधलं. लेडीबर्डची पिल्लं निघाली. माझी मुलगी तळहातावर फिरवते, त्या लाल ठिपकेवाल्या किड्याची.

लगेच सासऱ्यांना फोन लावला. "अण्णा, पंप थांबवा."

"आता काय थांबवू? झालं की मारून. सगळा प्लॉट."

बाटली माझ्या मांडीवर आहे. चौघी रिकाम्या शेंड्यावर वरखाली फिरतायत. आमच्या शेतात आता सोडता येत नाहीत.

नाशिकमध्ये कुणाकडे औषध न मारलेला मावा आहे का?